पेन्सिल काढली की त्याला शू लागते

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेच्या बालवाडीत शिकवते. मोठ्या गटात २६ मुलं आहेत, पाच वर्षांच्या आसपासची. दिवाळीनंतरच्या पालकसभेत एका आईनं शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाची वही उघडून सगळ्यांसमोर धरली. पानभर रेघेत बसवलेली अक्षरं. “आणि आमचा अजून मातीत खेळतोय,” असं म्हणाली. दुसऱ्याच दिवशी संस्थेचा निरोप आला : डिसेंबरअखेर सगळी मुळाक्षरं लिहून झालीच पाहिजेत, नाहीतर पट कमी होईल. तेव्हापासून मी रोज तासभर वहीकाम घेते. एक मुलगा आहे, पेन्सिल काढली की शू लागली म्हणतो आणि वह्या मिटेपर्यंत परत येत नाही. शिवाय ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली दोन भावंडं हल्ली वर्गात येऊन बसतात. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतात, इथे तोंडच उघडत नाहीत. प्रशिक्षणात शिकले ते एक आणि करते ते दुसरंच. अक्षरं शिकवूच नयेत का? की मीच मुलांना मागे ठेवतेय?
– एक बालवाडीताई

उत्तर :

ताई,

त्या मुलापासूनच सुरुवात करते. बाकीचं चार दिवस थांबेल, त्याचं थांबणार नाही. उद्यापासून त्याच्या हातात पेन्सिल देऊ नका. त्याला शू खरंच लागते, तो खोटं बोलत नाही. पोटात गोळा आला की मोठ्या माणसांनाही लागते. जाऊ द्या, आणि परत आल्यावर “झालं का? आता लिही” असं म्हणू नका. एका वाटीत पाणी आणि रंगाचा जाड ब्रश द्या, म्हणावं, व्हरांड्याची फरशी रंगव. ओल्या रेघा उन्हात पुसल्या जातात, म्हणून चूक कुणाला दिसत नाही, तपासायला काही उरत नाही. दोन-तीन आठवडे एवढंच. मग खडू, मग रंगीत खडू, पेन्सिल सगळ्यांत शेवटी. आणि याच काळात त्याला कानामागून हळू आवाजात हाक मारून पाहा, लांबचं चित्र दाखवून पाहा. सर्दीनं कान भरणारी, कमी दिसणारी मुलं वर्गात ‘लक्ष नसलेली’ म्हणून खपून जातात. शंका आली तर आरोग्य तपासणीला पाठवा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही हात धरून गिरवून घ्यायची. माझ्या वर्गात एक डावखुरी मुलगी होती. मी रोज तिचा उजवा हात धरून ‘ग’ काढून घेतला. ‘ग’ आला. पण पावसाळ्यात जी मुलगी घरातल्या गाईची, वासराची, विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट सांगत असे, ती दिवाळीपर्यंत नुसती मान हलवायला लागली. तिच्या आईनं एकदा मला विचारलं, “बाई, हिला काय झालंय?” तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, आणि तिच्या आईला ते सांगता आलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. अक्षरं शिकवू नयेत, असं मी मुळीच म्हणणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला अक्षरांची ओढ असते. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, बिस्किटाचा पुडा, सगळीकडे ते बोट दाखवून विचारत असतं, “इथं काय लिहिलंय?” ती ओढ मारू नये. पण डिसेंबरपर्यंत सगळी मुळाक्षरं वहीत उतरवणं हे त्या ओढीचं उत्तर होत नाही. त्यात हाताला जमत नाही ते हाताकडून मागितलं जातं, आणि कानाला व तोंडाला जे जमतं ते बाजूला पडतं.

हाताचं आधी बोलू. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. एकेक करत ती टणक होत जातात आणि शेवटचं नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान होतं. मुलाला पाहून गोल काढता येतो तिसऱ्या वर्षाच्या आसपास, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या, चौकोन साडेचार-पाचच्या, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण त्याच्याही नंतर. आता तुमच्या वहीतला ‘क’ पाहा. मधे उभी रेघ, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला वळण घेऊन खाली उतरणारी शेपटी, आणि वर आडवी रेघ. ज्या मुलाला अजून चौकोनाचा कोपरा वळवता येत नाही त्याला आपण हे दुरेघी वहीत, दोन रेघांच्या मधे बसवायला सांगतो. काही मुलांना जमतं. ज्यांना जमत नाही ती आळशी नसतात.

मग हात तयार कसा करायचा? त्याला विकतचं काही लागत नाही. शेंगा फोडणं, मटार सोलणं, कणकेचा गोळा मळून त्याचे साप-लाडू करणं, कागद फाडून चिकटवणं, दोरीवर चिमटे लावणं, मणी ओवणं. आणि रांगोळी! रांगोळीची चिमूट धरताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं जुळतं तीच पेन्सिलची पकड आहे. रोज सकाळी चार मुलांनी वर्गाच्या दारात ठिपके टाकायचे, एवढा एक नेम केलात तरी संक्रांतीपर्यंत तुम्हाला बोटांत फरक दिसेल. भरड रांगोळी घ्या, बारीक उडते आणि डोळ्यांत जाते. आमच्या आधीच्या पिढ्यांनी धूळपाटीवर बोटानं अक्षरं काढली. मॉन्टेसरी पद्धतीत मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवतात. दोन्हींत गोष्ट एकच आहे, अक्षर आधी हाताच्या हालचालीत उतरतं, नंतर कागदावर.

पण खरी जागा कानाची आहे, आणि इथे मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण प्रशिक्षणात हे घाईत उरकतात.

आपली वर्णमाला आवाजांच्या क्रमानं बांधलेली आहे. क-ख-ग-घ घशाशी, त-थ-द-ध दातांशी, प-फ-ब-भ ओठांशी. तोंडानं म्हणायला तिच्यासारखी सुंदर रचना नाही. पण लिहायला आणि ओळखायला तोच क्रम लावला की घोटाळा होतो. ट, ठ, ड, ढ एका रांगेत आले की मुलाला चार जवळजवळ सारखी चित्रं दिसतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांचंही तसंच. म्हणून वर्णमाला गाण्यासारखी म्हणा, रोज म्हणा. अक्षरओळख मात्र वेगळ्या क्रमानं करा. एका वेळी चार-पाच अक्षरं, दिसायला एकमेकांपासून लांबची आणि मुलांच्या रोजच्या शब्दांतली.

दुसरी गंमत टाळ्यांची. शब्दाला जितके तुकडे तितक्या टाळ्या, हा खेळ तुम्ही घेत असालच. ‘मामा’ला दोन, ‘पोळी’ला दोन, ‘बाहुली’ला तीन. आता ‘घर’ घ्या. लिहिताना दोन अक्षरं, पण आपण म्हणतो ‘घर्’, एका झटक्यात. ‘कमळ’ तीन अक्षरांचं, पण तोंडून येतं ‘क-मळ्’, दोन तुकडे. एखादं मूल ‘घर’ला एकच टाळी वाजवतं आणि आपण त्याला चुकलास म्हणतो. ताई, ते मूल बरोबर ऐकतंय. चूक आपल्या शब्दांच्या निवडीत आहे. सुरुवातीला असे शब्द घ्या ज्यांत कान आणि लिपी एकच सांगतात : मामा, काका, बाबा, टोपी, गाडी, पोळी, माझी, काठी. घर, कमळ, बदक नंतर.

याचाच अर्थ असा की काना सगळी व्यंजनं संपेपर्यंत थांबवू नये. ‘म’ आणि ‘काना’ एवढं आलं की ‘मामा’ वाचता येतो. त्याला ‘का’ जोडला की ‘काका’, ‘काम’, ‘कामा’. दोन अक्षरं आणि एका खुणेत मूल पहिल्याच महिन्यात खरा शब्द वाचतं, आणि ज्या दिवशी ते स्वतःहून वाचतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघा. फलटणला शिक्षणतज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी हीच वाट धरली. आधी सगळी अक्षरं, मग सगळी बाराखडी, मग शब्द, असं न करता थोडी अक्षरं, एखादी मात्रा आणि लगेच अर्थाचे शब्द. पहिली वेलांटी मात्र पहिलीवर सोडा. ती म्हणताना व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी, पाच वर्षांच्या डोक्याला हा उलटा हिशेब कशाला?

अक्षर कुठून घ्यायचं? मुलाच्या नावातून. आपल्या नावाचं पहिलं अक्षर मुलाला जितकं प्रिय असतं तितकं ‘अननसा’चं ‘अ’ कधीच होत नाही. सातारा जिल्ह्यात अननस किती मुलांनी सोललेला पाहिलाय? हजेरी तोंडी घेणं बंद करा. २६ पुठ्ठ्यांवर नावं लिहा, सुरुवातीला बाजूला प्रत्येकाची खूण असू द्या, छत्री, मासा, पतंग. मूल आलं की आपलं नाव शोधून दोरीला लावेल. पंधरा दिवसांनी खुणा दुमडून ठेवा. समजा वर्गात मीरा, मानसी आणि महेश असतील तर तीन नावांत एकच ‘म’ आहे हे तुमच्याआधी मुलं सांगतील. त्या दोन भावंडांची नावंही पहिल्याच दिवशी दोरीवर लागली पाहिजेत. पटावर नसतील तरी.

रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचा. सांगणं वेगळं आणि वाचणं वेगळं, दोन्ही हवं, पण वाचताना पुस्तक मुलांकडे धरा आणि ओळीखाली बोट फिरवा. तेच पुस्तक आठवडाभर वाचा. तिसऱ्या दिवशी मुलं पुढचं वाक्य आधीच म्हणतील, पाचव्या दिवशी कुणीतरी पुस्तक उचलून पाठ केलेली गोष्ट ‘वाचायला’ बसेल. तेव्हा “तुला कुठं वाचता येतं?” असं कुणी म्हणता कामा नये. छपाई डावीकडून उजवीकडे जाते, पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते, चित्र वेगळं आणि अक्षर वेगळं, एवढं सगळं त्याला कळलेलं असतं. हे वाचनच आहे, त्याच्या वयाचं.

लिहिण्याचंही तसंच. वर्गाच्या एका कोपऱ्यात दुकान मांडा. रिकाम्या पुड्या, तराजू, जुन्या कागदांची वही, पेन्सिलीचा तुकडा. माझ्या वर्गात एकानं मला ‘बिल’ दिलं होतं, तीन नागमोडी रेघा आणि खाली एक गोल. मी म्हटलं, वाचून दाखव. तो बोट ठेवून म्हणाला, “दोन किलो साखर, पाव किलो चहा, एक साबण. हे पैसे.” प्रत्येक जिन्नस वेगळ्या ओळीत जातो आणि बेरीज खाली येते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो पानभर अक्षरं गिरवणाऱ्या मुलाच्या मागे होता असं मला तरी म्हणवत नाही. पुढे अशाच रेघांत एखादं खरं अक्षर डोकवायला लागतं. ‘पाणी’ लिहायचं असतं आणि कागदावर नुसता ‘प’ येतो. त्यावर लाल रेघ मारू नका. मुलानं आवाज ऐकला, त्यातला पहिला पकडला, त्याचं अक्षर आठवलं. हेच तर आपल्याला हवं होतं.

पालकांचं काय, हे तुम्ही विचारणारच. ती वही उघडून दाखवणारी आई तुमची शत्रू नाही. तिला भीती आहे की आपलं मूल पहिलीत मागे पडेल, आणि मराठी शाळेत घातलं म्हणून पडलं असं घरचे तिलाच म्हणतील. तिच्याशी वाद घालू नका, तिला वर्गात बोलवा. आठवड्यातून एक दिवस, गोष्टीच्या वेळी, तीन-तीन पालक, वीस मिनिटं. आपलं मूल न अडखळता गोष्ट सांगतंय, दोरीवरून मित्राचं नाव ओळखतंय, हे डोळ्यांनी पाहिलं की अर्धं काम होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी प्रत्येक मुलाचं एक पाकीट ठेवा. दर आठवड्याला एक चित्र, त्याखाली मूल जे बोललं ते तुमच्या अक्षरात, त्याच्याच शब्दांत, आणि तारीख. पुढच्या सभेत आता नोव्हेंबरमधला कागद आणि फेब्रुवारीतला कागद शेजारी ठेवा. ‘आई’ एवढंच बोलणारं मूल ‘आई रानात गेली आणि कुत्रं तिच्या मागं गेलं’ म्हणायला लागलं, हे वहीच्या पानावर कधीच दिसत नाही.

घरी करायला त्यांना अभ्यास हवा असतो, तोही द्या. स्वयंपाक करताना एक गोष्ट. एसटी स्टँडवर फलकावरचं आपल्या नावाचं अक्षर शोधणं. ज्या आई-वडिलांना वाचता येत नाही त्यांना हे आवर्जून सांगा की गोष्ट सांगायला, कोडी घालायला, पाणी–नाणी–राणी असे यमकाचे शब्द जुळवायला अक्षरओळख लागत नाही. त्यांना वाटत असतं आपण मुलासाठी काहीच करू शकत नाही. आजी असेल तर तिला वर्गात ओव्या म्हणायला बोलवा.

संस्थेशी बोलताना भावनेनं बोलू नका, कागद पुढे ठेवा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेसाठी, म्हणजे तुमच्या मोठ्या गटासाठी, वाचनातलं लक्ष्य आहे अक्षरं व त्यांचे आवाज ओळखणं आणि दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणं. सगळी वर्णमाला लिहिणं त्या लक्ष्यात नाही. समजून वाचण्यासाठी मुदत तिसरीच्या अखेरीपर्यंतची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला तो याचसाठी. कन्नड लिपी आपल्यासारखीच अक्षरांची. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनावर केलेल्या २००७ सालच्या अभ्यासात दिसलं की अक्षरं पक्की होण्याचं काम चौथी-पाचवीपर्यंत चालू राहतं. जे दहाव्या वर्षापर्यंत चालतं ते पाचव्या वर्षी दीड महिन्यात उरकायची घाई कशासाठी? तुमच्या पहिलीच्या बाईंनाही सोबत घेऊन जा. मुलं ऐकणारी, बोलणारी, हात वळणारी आली तर मुळाक्षरं शिकवायला सोपं जातं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर संस्थाचालकांना पटतं.

आणि तरीही वही हवीच म्हणाले तर? नोकरी तुम्हाला करायची आहे, मी लांबून शूर होण्यात अर्थ नाही. तडजोड करा. बिनरेघांची चित्रकलेची वही ठेवा, आठवड्याला एक पान. त्यात मुलाचं चित्र, त्याच्या नावाचं मोठं अक्षर खडूनं, त्याला हवं तेवढं. रोजचा तास मात्र मोडा. त्या तासात गोष्ट, दुकान आणि रांगोळी बसवा.

शेवटी ती दोन भावंडं. मला तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल सगळ्यांत जास्त वाटलं. गळीत हंगाम संपला की टोळी उठेल, मार्च-एप्रिलमध्ये कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या मोडून सगळी गावाकडे जातील. तुमच्याकडे फार तर चार महिने आहेत. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर. आदिवासी मुलं शाळेत येईनात तेव्हा त्या शाळाच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, बिया यांवर शिकवायला लागल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. तुम्हाला पाड्यावर जायचं नाही, एकदा संध्याकाळी कोप्यांपर्यंत जाऊन या. त्यांच्या आईकडून दहा शब्द विचारून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तेच शब्द तुम्ही चुकतमाकत म्हणा. आईला गोरमाटीत ‘याडी’ म्हणतात. सगळ्या वर्गानं एकदा ‘याडी’ म्हणून टाळ्या वाजवल्या, या-डी, दोन टाळ्या, की ती दोघं तुमचा उच्चार दुरुस्त करायला तोंड उघडतील. मराठी मागाहून येईल, आधी त्यांचा आवाज वर्गात येऊ दे.

त्यांच्या चित्रांचं एक पुस्तक शिवून ठेवा. आठ-दहा पानं पुरेत, बैलगाडी, ऊस, पाचट, कोपी, धाकटं भावंड, ती जे काढतील ते. खाली त्यांचेच शब्द, देवनागरीत. पुठ्ठ्यावर दोघांची नावं. हंगाम कधी अचानक संपतो, मुकादम आदल्या रात्री सांगतो, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. फेब्रुवारीतच ते त्यांच्या हातात द्या.